फारसे वापरलेले नाही

जुन्या वस्तूंच्या खरेदीविक्रीत विकणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: "फारसं वापरलेलं नाही हो." मोटार असो, शिवणयंत्र असो की पाण्याचा पंप असो, हे वाक्य कानी पडले की घेणाऱ्याचे मन निश्चिंत होते, कारण ज्या वस्तूचे आयुष्य वापराने खर्ची पडते, ती न वापरली गेल्यामुळे तिच्या पदरी तेवढी शिल्लक उरलेली असणार, हा व्यवहाराचा सरळ हिशेब आहे. परंतु गेल्या वर्षी, घरी व्यायाम करण्यासाठी एखादे जुने साधन मिळते का याचा शोध घेत मी पुण्यातील पाचसात घरे आणि एकदोन बाजार पालथे घातले, तेव्हा हेच वाक्य मला जवळजवळ प्रत्येक दारात ऐकायला मिळाले, आणि ते उच्चारणाऱ्याचा स्वर वस्तूची शिफारस करणाऱ्याचा नसून कसला तरी कबुलीजबाब देणाऱ्याचा आहे, असे मला दर वेळी जाणवले. विकणारा माणूस वस्तूकडे न पाहता जमिनीकडे पाहत होता. जी गोष्ट अन्य वस्तूंच्या बाबतीत गुण ठरते ती या एका वस्तूच्या बाबतीत संकोचाचे कारण का व्हावी, हा प्रश्न मनात घर करून राहिला.

मला साधन हवे होते त्याचे कारण साधे होते. साठी उलटल्यानंतर रक्तातील साखर मर्यादा ओलांडू लागली, डॉक्टरांनी रोज अर्धा तास घाम येईपर्यंत श्रम करण्यास बजावले, आणि ज्या पदपथांवरून मी तीस वर्षे निर्वेध चाललो ते आता दुचाक्यांच्या हवाली झालेले असल्यामुळे ही तजवीज घरातच करावी लागणार, हे उघड होते. जुने घेण्यात मला कमीपणा वाटत नव्हता. माझ्या पिढीतील मुलांनी थोरल्या भावंडांची पुस्तके, सदरे आणि सायकली वापरूनच शालेय शिक्षण पुरे केले, आणि त्या पुस्तकांच्या समासात आधीच्या वाचकाने पेन्सिलीने केलेल्या खुणांचा उपयोगही अनेकदा झाला.

सर्वप्रथम मी पाहिली ती ट्रेडमिल. शहराच्या पश्चिमेकडील एका नव्या वसाहतीत, नवव्या मजल्यावरील खोलीत, खिडकीला लागून ती उभी होती. तिचा मालक तिशीतला, सौजन्यशील तरुण होता. २०२० साली, मार्चअखेर टाळेबंदी सुरू झाली आणि व्यायामशाळांची दारे बंद झाली, तेव्हा त्याने ती पूर्ण किंमत मोजून घेतली होती. महाराष्ट्रातील व्यायामशाळा पुन्हा उघडल्या त्या त्या वर्षीच्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबर रोजी, म्हणजे सुमारे सात महिन्यांनी, आणि तोवर त्याचे धावणे थांबलेही होते. यंत्राच्या पडद्यावर आजवरच्या एकूण अंतराचा आकडा दिसत होता: ४३ किलोमीटर. पुण्याहून लोणावळ्याला पोचण्याइतकेही ते अंतर नव्हे. पट्ट्याखाली घालावयाच्या सिलिकॉन तेलाची जी छोटी बाटली यंत्राबरोबर येते, ती कठड्याच्या खाचेत तशीच सीलबंद होती. "काका, खरं सांगतो, घेतली तेव्हा रोज धावायचं असंच ठरवलं होतं," तो म्हणाला, "सुरुवातीला धावलोही." त्या 'धावलोही'तील शेवटच्या अक्षरावर त्याने दिलेला जोर माझ्या स्मरणातून जात नाही.

माझ्याबरोबर एक अनुभवी मिस्त्री आले होते, ज्यांचा अशी यंत्रे दुरुस्त करण्यात जन्म गेला आहे. त्यांनी किमतीचा विषय काढण्यापूर्वी गुडघे टेकून पट्टा मध्यभागी वर उचलला, तो दोनतीन इंच उचलला जातो याची खात्री करून घेतली, आणि मग उचललेल्या पट्ट्याखाली तळहात सरकवून आतील फळीवर फिरवला. हात कोरडा बाहेर आला. चांगल्या स्थितीतील यंत्रात तो किंचित निसरडा, तेलकट यावयास हवा. नंतर त्यांनी यंत्र अगदी मंद गतीवर सुरू करून आपला सर्व भार पट्ट्यावर टाकला, आणि पाऊल पडताच पट्टा क्षणभर अडखळतो आहे हे मला दाखवले. मोटरीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली अश्वशक्ती क्षणिक असते, सतत चालताना मिळणारी निराळी, आणि घेणाऱ्याने दुसरीचीच चौकशी करावी, हेही त्यांनी त्याच वेळी समजावून सांगितले. त्यांचा निष्कर्ष मला अनपेक्षित होता. वर्षानुवर्षे न चाललेल्या यंत्रातील तेल वाळून जाते, एकाच स्थितीत ताणून राहिलेल्या पट्ट्याला रुळांच्या जागी बाक येतो, चार पावसाळ्यांची दमट हवा विजेच्या जोडांवर गंज चढवते. "चालतं यंत्र घ्यावं, साहेब," खाली उतरताना ते म्हणाले. "बसलेलं यंत्र आतून जातं."

म्हणजे 'फारसे वापरलेले नाही' हे वाक्य यंत्रशास्त्राच्या दृष्टीनेही पुरते खरे नव्हते. परंतु मला अधिक महत्त्वाचा वाटला तो त्या तरुणाचा संकोच. अशी साधने घरोघरी धूळ खात पडतात याचे कारण म्हणून आळसाकडे बोट दाखवण्याचा शिरस्ता आहे, आणि तो मला अन्यायाचा वाटतो. हा तरुण सकाळी आठला घर सोडत होता, जाऊन-येऊन अडीच तास वाहनांच्या गर्दीत काढत होता, आणि रात्री नऊच्या पुढे परतल्यावर झोपलेल्या मुलीच्या खोलीशेजारी, खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाची झोपमोड होऊ नये म्हणून पावले हलकी टाकत, समोरच्या भिंतीकडे पाहत त्याने धावावे अशी त्या यंत्राची अपेक्षा होती. ज्याला इतके श्रम उपसण्याची सवय आहे तो मनुष्य आळशी नसतो. त्याला न झेपलेली गोष्ट निराळीच होती, आणि ती म्हणजे त्या श्रमांतील एकांत.

या एकांताला एक जुना आणि दुःखद इतिहास आहे. चालत राहावे आणि कोठेही पोचू नये, अशा यंत्राची कल्पना प्रथम बंदिवानांसाठी प्रत्यक्षात आली. विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने १८१८च्या सुमारास पायऱ्यांचे एक लांबलचक चाक योजले, ज्यावर ओळीने उभ्या राहिलेल्या कैद्यांनी तासन् तास पायऱ्या चढत राहायचे आणि त्यांच्या पायांखालून पायरी सतत निसटत राहायची. १८२१ साली लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात असे मोठे चाक सुरू झाले आणि पाहता पाहता ते देशभर पसरले. काही तुरुंगांत त्या चाकाने धान्य दळले जाई, काहींत नुसतीच हवा कापली जाई. पुढे कैद्याकैद्यांमध्ये फळ्यांचे आडपडदे बसवण्यात आले, जेणेकरून शेजाऱ्याचा चेहराही दिसू नये. एकोणिसावे शतक सरता सरता ही शिक्षा अमानुष म्हणून बंद पडली. पुढे १९५०च्या दशकात अमेरिकेतील सिॲटल येथे रॉबर्ट ब्रूस या हृदयरोगतज्ज्ञाने रुग्णाला फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदयाची परीक्षा घेण्याची पद्धत बसवली, आणि आज घराघरांत असलेल्या ट्रेडमिलचे खरे नाते या दवाखान्यातील यंत्राशी आहे, हे मी जाणतो. ज्या यंत्राने असंख्य हृदयांतील दोष वेळीच उघडकीस आणले त्याला तुरुंगाचा वारस ठरवण्याचा माझा हेतू नाही. तरीही ते आडपडदे मला विसरता येत नाहीत. श्रम जड होतात ते वजनाने जितके, तितकेच शेजार नाहीसा झाल्याने.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. लहानपणी मी पुण्याच्या पूर्व भागातील एका तालमीत जात असे. चिंचेची तालीम, नगरकर तालीम यांच्यासारखी ती नावाजलेली नव्हती, पण तिच्या हौद्यातली लाल माती ताक, तेल, हळद आणि काव घालून तशीच मळली जाई आणि पहाटे पाचला तिच्या दारात तसाच गलका असे. भिंतीशी हातांनी फिरवायच्या, वेगवेगळ्या वजनाच्या लाकडी जोड्या उभ्या असत. नवा मुलगा आला की वस्ताद त्याच्या हाती सर्वांत जुनी जोडी देत आणि म्हणत, "नवी जोडी हाताला चावते. ही घे." त्या जोडीच्या मुठीचे लाकूड पिढ्यांच्या घामाने काळसर, तुकतुकीत झालेले होते, आणि मुठीवर जेथे बोटे मिटतात तेथे इतकी अस्पष्ट खोलगट जागा पडलेली होती की ती डोळ्यांना दिसत नसे, पण तळहाताला तत्काळ कळे. ती कोणी आणली, कोणाच्या पैशाने आणली, हे ठाऊक असणारा मनुष्य हयात नव्हता. कोणीही तिला 'वापरलेली' म्हणत नसे, कारण न वापरलेल्या जोडीची कल्पनाच तेथे कोणाला नव्हती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला नवे जीवन दिले, त्याचीही हीच स्थिती आहे: एरंडेल मुरलेला, शेकडो अंगांनी घासलेला खांब जी पकड देतो ती सुताराकडून ताज्या आलेल्या खांबाला देता येत नाही. व्यायामाच्या साधनाला प्रतिष्ठा प्राप्त होते ती वापराने, असा हा व्यवहार होता. तेथील बाजारभाव आजच्या बाजारभावाच्या अगदी उलट होता.

'तालीम' हा शब्द मूळचा अरबी आणि त्याचा अर्थ शिक्षण. त्या अर्थाचे मर्म मला फार उशिरा उमगले. माझी बैठक अर्धवट राहिली की शेजारचा मुलगा ती मोजत नसे, मी दोन दिवस गैरहजर राहिलो तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी घराच्या ओट्यावर हजर होई, आणि ज्या दिवशी अंगात उत्साह नसे त्या दिवशीही दहाजणांच्या हुंकारांच्या ठेक्यात माझे पन्नास जोर आपोआप निघून जात. संकल्प माझा एकट्याचा नव्हता. तो साऱ्या तालमीच्या नावे जमा होता, आणि माझ्या खात्यात तूट आली तर ती इतरांच्या शिलकेतून भरून निघे. मात्र या आठवणींत मी इतका गुंतू इच्छित नाही की तालमीचे न्यून दिसेनासे व्हावे. माझ्या बहिणीला त्या दारातून कधी प्रवेश मिळाला नाही, वृद्धांना तेथे जागा नव्हती, आणि दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला तेथे काय करावे हे कोणी सांगू शकत नव्हते. घरात आलेल्या साधनांनी यांच्यासाठी दार उघडले आहे, आणि म्हणून त्या साधनांविषयी मला मनापासून आदर आहे.

घरातील साधनांची ही परंपरा आपल्याकडेही वाटते त्याहून जुनी आहे. युजेन सँडो हा जगप्रसिद्ध बलोपासक १९०५च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन गेला. मध्ये स्प्रिंगा बसवलेली, मूठ आवळली की दबणारी त्याची डंबेल्स आणि त्याची पुस्तके टपालाने जगभर जात असत, आणि त्याचे नाव आपल्या बोलीत इतके मुरले की बिनबाह्यांच्या बनियनला आजही आपण सँडोच म्हणतो. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीही सँडोची साधने आणि पुस्तके मागवून अनेक वर्षे त्याच्या पद्धतीने व्यायाम केला, आणि पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले, ज्याला शरीर आणि एक सतरंजी यांपलीकडे काही लागत नाही. औंध संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. ज्या राजाला जगातील कोणतेही साधन विकत घेणे शक्य होते त्याने शेवटी साधनांशिवाय भागणारा आणि सर्वांनी मिळून करता येणारा व्यायाम निवडला, ही घटना मला मोठी अर्थपूर्ण वाटते. त्या सँडोच्या डंबेल्सचे पुढे काय झाले असेल, असा विचारही मनात येऊन जातो.

ट्रेडमिल घ्यायची नाही असे ठरल्यावर मी मंगळवार पेठेलगत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात गेलो. तेथे यंत्रांना मान नाही. तेथे लोखंड तोलावर जाते. मोडक्या पंख्यांच्या आणि दारांच्या कड्या-कोयंड्यांच्या राशीत वजनाच्या प्लेट, वाकलेले रॉड, एकुलती एक उरलेली डंबेल्स असे काहीबाही पडलेले असते. ज्याला घ्यायचे असेल त्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या. प्लेटवर ओतलेला आकडा हा दाखला नव्हे. काट्यावर घालून पाहावे, कारण दहा किलोचा छाप असलेली एक प्लेट माझ्यासमोर नऊ किलो दोनशे ग्रॅम भरली. रॉड सपाट फरशीवर घरंगळवून पाहावा, म्हणजे त्याचा बाक लपत नाही. प्लेटचे भोक आणि रॉडची जाडी यांचा मेळ पाहावा. स्पर्धेच्या पद्धतीच्या रॉडला ५० मिलिमीटरचे भोक लागते आणि घरगुती रॉड त्याच्या जवळपास निम्म्या जाडीचा असतो, त्यामुळे एकाचे दुसऱ्याला लागत नाही. वर प्लास्टिकचे कवच आणि आत सिमेंट असलेल्या प्लेट घेऊ नयेत, कारण कवचाला तडा गेला की त्यांचा भुगा होऊ लागतो. व्यायामाचा बाक घ्यायचा तर त्याच्या सांध्यांचे वेल्डिंग उजेडात नेऊन पाहावे. गंजाला मात्र मुळीच भिऊ नये. तारेचा ब्रश, थोडे रॉकेल आणि एक दुपार एवढ्यात बहुतेक गंज निघून जातो.

त्या राशीत मला एक ओतीव प्लेट सापडली, जिच्यावर २५ हा आकडा आणि त्यापुढे पौंडाची खूण होती. आपल्याकडे दशमान वजनांचा कायदा १९५६ साली झाला आणि पुढील काही वर्षांत शेर, मण, रत्तल, पौंड ही मापे बाजारातून क्रमाक्रमाने हद्दपार झाली. म्हणजे ही प्लेट एक तर त्याआधीची असावी किंवा कोणाबरोबर तरी समुद्र ओलांडून आलेली असावी. पंचवीस पौंड म्हणजे सुमारे ११.३ किलो. तिच्या कडेला एका ठिकाणी, सहज पकडता येईल अशा जागी, ओतकामाचा खरबरीतपणा संपूर्ण झिजून गेला होता. उचलताना आणि रॉडमध्ये घालताना ज्या जागी बोटे जातात ती ती जागा. मी माझी बोटे तेथे ठेवली आणि ती तेथे बरोबर बसली. ज्या मापाने तिचे वजन ठरले ते माप नाहीसे झाले, ज्याने ती उचलली तोही बहुधा आता नसेल, पण ती कोणीतरी उचलत होता, पुन्हापुन्हा आणि दीर्घकाळ उचलत होता, ही गोष्ट लोखंडावर नोंदलेली होती. विक्रेत्याने तिचे किलोच्या भावाने पैसे घेतले. त्या झिजलेल्या जागेमुळे तिचे वजन कदाचित गुंजभर कमीही भरले असेल. माझ्या लेखी मात्र तिचे मोल ठरले ते त्या जागेमुळे.

तेव्हा मला त्या तरुणाचा संकोच अधिक स्पष्ट कळला. लोखंड विकणारा वस्तू विकतो. यंत्र विकणाऱ्याला आपण वस्तूबरोबर एक मोडलेला संकल्पही विकत आहोत असे वाटत असते, आणि तो संकल्प मोडल्याचा दोष तो निमूटपणे आपल्या माथी घेतो. वास्तविक, ज्या संकल्पाचा भार एका तालमीने उचलावा तो एका शयनगृहातील एका माणसाने उचलावा अशी योजना करणाऱ्या जीवनपद्धतीचा हा दोष आहे. साधन घरात आले, पण वस्ताद आला नाही, ठेका आला नाही, गैरहजेरीची चौकशी करणारा आला नाही. ज्या घरातून ते साधन दुसऱ्या घरात जाते तेथेही पुन्हा तोच एकांत त्याची वाट पाहत असतो, आणि दोनतीन वर्षांनी तेच वाक्य पुन्हा, नव्या तोंडून, उच्चारले जाते.

अखेरीस मी जी सायकल घेतली ती सहकारनगर भागातील एका शिक्षिकाबाईंकडून. व्यायामाची ही सायकल जागच्या जागी चालते. पुढील जड चाकावर नमद्याची एक पट्टी दाबून पायांवरचा भार कमीजास्त करतात, आणि तो करण्यासाठी दांड्यावर एक फिरवायची मूठ असते. दार उघडताच बाई म्हणाल्या, "भरपूर वापरलीये हं काका, आधीच सांगते." इतक्या दारांत जाऊन आल्यावर हे वाक्य ऐकताना मला जे समाधान झाले ते त्यांच्या लक्षात आले नाही, वापर हा उणेपणा समजून त्या त्याची माफी मागत होत्या. बैठकीचे रेक्झिन फाटलेले होते. उजव्या पेडलचा पट्टा तुटल्यामुळे तेथे परकराची नाडी घट्ट बांधलेली होती. डाव्या मुठीवरील फोम पार निघून गेला होता, उजव्या मुठीवरील मात्र शाबूत होता.

"डावा गुडघा," त्यांनी खुलासा केला. दुचाकीवरून घसरून पडल्या, गुडघ्यातला स्नायुबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली, आणि ती झाल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सायकल चालवायला सांगितले. भार दाखवणारे आकडे दांड्यावरील फिरवायच्या मुठीवर नव्हते, म्हणून त्यांनी तिच्याभोवतीच्या काळ्या कड्यावर लाल नखरंगाचा एक ठिपका लावला, आणि तेथपर्यंत मूठ फिरवून त्रास न होता वीस मिनिटे झाली की पुढला ठिपका, असे करत करत आठ महिन्यांत अकरा ठिपके झाले होते. पहिले तीनचार अगदी एकमेकांना चिकटून होते. पुढचे हळूहळू दूर दूर पडत गेलेले होते. मी पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवले. "तो लावला तेव्हा पूर्ण फेरासुद्धा होत नव्हता," त्या म्हणाल्या. "पाय पुढे न्यायचा, मागे आणायचा. नुसतं झुलवायचं. गुडघा तेवढा वाकतच नव्हता. ज्या दिवशी पहिला फेरा पूर्ण झाला त्या दिवशी आईंना स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं मी." सासूबाई आतल्या खोलीतून चहा घेऊन येत होत्या, त्यांनीही मान डोलावली. आता त्या तीन जिने चढून शाळेत वर्गावर जातात, सायकलीचे काम झाले, आणि घरात जागेची टंचाई आहे. "ज्याला लागेल त्याच्याकडे जाऊ दे," एवढेच त्यांचे म्हणणे होते. किंमत त्यांनी सांगितली ती मी उतरवली नाही.

मिस्त्रींनी पेडल हाताने फिरवून कान लावला आणि बेअरिंग उत्तम असल्याचे सांगितले. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे न जाणता अनेकजण ते जोराने पिळून दांड्याची खराबी करून ठेवतात. तसे येथे काही झालेले नव्हते. फक्त चाकावर दाबणारी नमद्याची पट्टी झिजून पातळ झाली होती, आणि ती बदलून घ्यावी असा त्यांनी सल्ला दिला. मी तो मानला नाही. नवी, जाड पट्टी बसवली असती तर मूठ थोडी फिरवताच भार वाढला असता, आणि ते अकरा ठिपके, जे त्या पातळ होत गेलेल्या पट्टीच्याच हिशेबाने लावलेले होते, पार निरर्थक झाले असते. पट्टी अजून वर्षभर सहज टिकेल असे मिस्त्री म्हणाले, आणि तेवढे मला पुरेसे होते.

सायकल आता माझ्या खिडकीशी आहे, नाडी आहे तशीच आहे, आणि ती पौंडाची प्लेट तिच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. खंडेनवमीला घरातील हत्यारे-अवजारे मांडून पूजा झाली तेव्हा दोहोंनाही हळदकुंकू लागले. तालमीत जोड्यांना लागत असे तसे. मी पहिल्या ठिपक्यापासून सुरुवात केली. माझा गुडघा धड असल्यामुळे पहिले दोन ठिपके आठवड्याभरात ओलांडले गेले आणि मग तिसऱ्यापाशी मी अडलो. वीस मिनिटे पुरी होण्यापूर्वीच दम लागे, मूठ नकळत मागे फिरवली जाई, आणि एकदोनदा तर पुढचे दोन दिवस मी त्या खोलीत पाऊलही टाकले नाही.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी बाईंचा फोन आला. सायकलीचे एक जास्तीचे पेडल त्यांच्याकडे सापडले होते, ते मला हवे आहे का, हे विचारायला त्यांनी तो केला होता. ते झाल्यावर त्या म्हणाल्या, "आणि वापरताय ना, काका? कुठवर आलात?"

तिसऱ्यावर, मी सांगितले. पुढे सरकत नाही.

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "तिसऱ्यावर मलाही महिना लागला होता. उद्या वीस नका करू. बाराच करा, पण मूठ मागे फिरवू नका. रविवारी फोन करते."